ज्याचा दगड त्याच्या घरी

गावात एकच गवंडी होता आणि त्याला सगळे ओळंबा म्हणत. ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेलं ते लोखंडी वजन, भिंत सरळ उभी आहे की नाही हे ज्याने बघतात. हा माणूसही तसाच. उंच, सडपातळ, मान खाली, आणि बोलणं म्हणाल तर दिवसाकाठी मोजून दहा वाक्यं. "सरळ माणूस," लोक म्हणायचे, "कुणाच्या अध्यात ना मध्यात." लोकांना माणूस ओळखता येत नाही हेच खरं. अठ्ठावीस वर्षं तो त्यांच्या घरांत शिरत होता, त्यांच्या भिंती बांधत होता, त्यांच्या हातचा चहा पीत होता, आणि त्या अठ्ठावीस वर्षांत असा एक दिवस गेला नाही की त्याने मनातल्या मनात त्यांचं वाटोळं चिंतलं नाही.

त्याला कारण होतं, आणि ते कारण गावाच्या डोक्यावरच उभं होतं. टेकडी.

टेकडी काही मोठी नव्हती. सावकाश चढलं तरी पाऊण तासात माथा यायचा. माथ्यावर दगडांचा ढीग होता, दोन पुरुष उंच, आणि त्या ढिगाखाली चेटकीण दाबलेली आहे हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. कोणती चेटकीण, कधीची, असं विचारलं की मात्र दहा जण दहा गोष्टी सांगत. न्हाव्याच्या दुकानातली गोष्ट अशी, की ती नजर लावून गाईंचं दूध नासवायची, म्हणून कुठल्याशा राजाच्या शिपायांनी तिला जिवंत गाडली. शाळामास्तरांचं म्हणणं होतं की चेटकीण वगैरे काही नाही, धुक्यात वाट चुकू नये म्हणून मेंढपाळांनी खुणेसाठी दगड रचले होते. पण मास्तरांना विचारतो कोण? आणि नळावरच्या म्हाताऱ्या बायका, आजूबाजूला पुरुष नाही असं बघून, तिसरीच गोष्ट सांगत. ती म्हणे एक साधी बाई होती. नवऱ्याकडे परत जायला नाही म्हणाली होती. एवढंच. त्यात ना दूध, ना नजर.

गोष्ट कुठलीही असो, रीत एकच होती. घरात मूल जन्मलं, सून आली, नवी चूल मांडली, की त्या घराने एक दगड टेकडीवर न्यायचा. दगडावर आपल्या घराची खूण कोरायची. न्हाव्याची कात्री, सुताराची करवत, शिंप्याची सुई, गिरणीवाल्याचं जातं, म्हणजे एक गोल आणि मध्ये ठिपका. खूण अशासाठी, की दगड कुणी टाकला हे चेटकिणीला कळावं आणि तिने त्या घराची धास्ती घ्यावी. ढिगासमोर उभं राहून दगड टाकायचा, वळायचं, आणि मागे न बघता उतरायचं. ढिगाच्या मागच्या बाजूला जायचं नाही, कारण चेटकिणीचं तोंड तिकडे आहे. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे, टेकडीवर गेलेला दगड पुन्हा घरी येता कामा नये. आला तर त्याच्याबरोबर ती येते आणि चुलीपाशी ठाण मांडून बसते.

आता यातली मेख बघा. दगडावर आपल्या घराची खूण कोरायची, तो उघड्यावर टाकून यायचा, आणि ढिगाच्या पाठीमागे कुणी म्हणून कुणी फिरकायचं नाही. शंभर-दीडशे वर्षांत एकाच्याही डोक्यात आलं नाही की मागून कुणी एकेक काढून नेला तर? असं हे शहाण्यांचं गाव.

ओळंब्याची आई याच गावात हाडं बसवायची. निखळलेला खांदा, मोडलेलं मनगट, मुरगळलेला घोटा, सगळं तिच्याकडे यायचं. नवरा खाणीत दरड कोसळून गेलेला, पदरात एक पोर. हात रुंद, जीभ तिखट. अर्ध्या गावाची हाडं तिच्या हाताखालून गेली होती आणि त्यातलं एकही वाकडं जुळलं नव्हतं.

गिरणीवाल्याची बायको तिच्याकडे एका वर्षात तीनदा आली. उजवा हात, तिन्ही वेळा एकाच जागी मोडलेला. पहिल्यांदा म्हणाली, जिन्यावरून पडले. दुसऱ्यांदा म्हणाली, न्हाणीत घसरले. तिसऱ्यांदा काहीच म्हणाली नाही. आईने हात बसवला, फळ्या बांधल्या, आणि तशीच उठून गिरणीवर गेली. दळणाची रांग लागलेली होती, वीस-पंचवीस माणसं. त्या सगळ्यांदेखत ती गिरणीवाल्याला म्हणाली, "हा हात पडून मोडत नाही. असा हात पिरगळून मोडतो. पुन्हा माझ्याकडे आला, तर मी तुझा मोडेन, आणि बसवायला येणार नाही."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. त्या हसण्याने आईचा घात केला.

सहा महिन्यांत गावभर झालं की हिच्या हातात काहीतरी आहे. जी जोडते ती मोडतही असणार. कुणाची गाय लंगडली, कुणाचं पोर पाळण्यातून पडलं, कुणाची म्हातारी ओसरीवर सटकली, सगळं हिच्या नावावर. ज्यांचे हात तिने जोडून दिले होते, त्यांनीच ते तिच्याकडे बोट दाखवायला वापरले.

मग एका भर दुपारी तिला टेकडीवर नेलं. "मारायचं नाही, नुसतं भिववायचं," असं चढताना एकमेकांना सांगत होते. ढिगासमोर तिला उभी केली आणि प्रत्येक घराने आपापला खूण कोरलेला दगड उचलला. ओळंबा तेव्हा आठ वर्षांचा होता. सुताराने त्याला कमरेला धरून ठेवलं होतं. त्याचे डोळे झाकायचं काही त्या माणसाला सुचलं नाही. पहिला दगड गिरणीवाल्याचा होता. काळा, दोन मुठींएवढा, वर गोल आणि ठिपका. तो तिच्या कानशिलाला लागला. नंतरचे दगड पोराला वेगवेगळे दिसले नाहीत. ती पडल्यावरही लोक थांबले नाहीत. ज्यांचे राहिले होते त्यांनीही आपले टाकून घेतले, आपलंच घर मागे राहायला नको म्हणून. आणि उतरताना एकानेही मागे वळून पाहिलं नाही. तशी रीतच होती ना!

शहरात त्याचा मामा गवंडी होता. तो येऊन पोराला घेऊन गेला आणि त्याच्या हातात थापी दिली. मामा भला माणूस. म्हणायचा, "विसर रे बाबा. डूख धरलेला माणूस आतून पोखरला जातो." पोराने मान हलवली आणि डूख धरला. बावीस वर्षांचा झाला तेव्हा आपली हत्यारं एका गोणीत बांधून तो गावात परत आला. उंची वाढली होती, दाढी आली होती. कुणी ओळखलं नाही. गावचा जुना गवंडी नुकताच वारला होता, त्यामुळे लोकांनी याला हातोहात घेतलं.

काय करायचं हे त्याचं ठरलेलं नव्हतं. गिरणी पेटवून द्यावी असं पहिले काही दिवस डोक्यात होतं. मग एका दुपारी तो हातगाडी घेऊन ओढ्यावर रेती भरायला गेला. रेती चांगली मिळायची ती टेकडीच्या मागच्या अंगाला. फावडं मारता मारता त्याने वर पाहिलं, तर समोर ढिगाची पाठ. इकडून ढीग उतारावर सैल पडलेला, एकेक दगड हात लावला तर निघेल असा. त्याने चढून एक उचलला. त्यावर कात्री होती. न्हाव्याच्या न्हाणीची भिंत तो त्याच आठवड्यात बांधत होता. आई गेल्यापासून तो पहिल्यांदा हसला.

तिथून पुढे त्याची कामाची पद्धत ठरली ती ठरली. गाडीत तळाला दगड, वर रेती. भिंतीत दगड बसवताना खूण आतल्या बाजूला, वरून गिलावा. कात्री न्हाव्याकडे, सुई शिंप्याकडे. ज्याचा दगड त्याच्या घरी. सुताराची करवत त्याने मुद्दाम चुलीला लागून बसवली. ती चुलीपाशी येते म्हणतात ना? मग तिला लांब चालायला नको.

चौथ्या वर्षी मामाने त्याचं लग्न लावून दिलं. बायको परगावची, नाकासमोर बघणारी नव्हे तर चारी बाजूंना बघणारी. तिसऱ्याच महिन्यात तिने विचारलं, "तुम्ही ओढ्यावर रेतीला जाता की दगडाला?" त्याने सगळं सांगितलं. एका वेळी इतकं तो आयुष्यात बोलला नव्हता. ती भाजी निवडत ऐकत राहिली. मग म्हणाली, "सूड घ्यायचा तर माणसानं एका दमात घ्यावा. हे असं घराघरानं काय घेताय? तुमचा पुरा होईस्तोवर ते सगळे म्हातारे होऊन मरतील."

"त्यांची पोरं आहेत ना," तो म्हणाला.

तिने त्यावर वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी गाडीवर टाकायला दोन गोण्या मात्र जोडून शिवून दिल्या.

सहाव्या वर्षी मागून दगड उपसत आत शिरता शिरता त्याला आई सापडली. किती उरली होती म्हणणार? एक गोणीसुद्धा भरली नाही. त्याने ओढ्याकाठी, सावलीच्या जागी, खोल खड्डा काढून तिला ठेवलं आणि वर एकही दगड ठेवला नाही. ती दुपार तो तिथे बसून ढसाढसा रडला. त्यानंतर बावीस वर्षं गाव पोराबाळांना घेऊन टेकडी चढत होतं आणि रिकाम्या जागेवर दगड टाकून येत होतं.

अकराव्या वर्षी तो दगड मिळाला. काळा, दोन मुठींएवढा, गोल आणि ठिपका. ओळंब्याने तो घरी आणून पलंगाखाली ठेवला. बायको म्हणाली, "माझ्या पलंगाखाली हे असलं नको हं." पण तो तिथेच राहिला, सतरा वर्षं. कारण गिरणीवाल्याचं घर होतं घडीव दगडाचं, त्याला तडा जाईल तर शपथ! शिवाय माणूस असा, की कौल फुटलं तर खाली भांडं ठेवील पण दुरुस्ती करणार नाही. गावातली नव्वद घरं झाली. हे एकच उरलं. ओळंब्याच्या दाढीत पांढरं आलं, तरी त्या घरातून बोलावणं येईना. हा थेरडा आपल्याआधी मरतो की काय या काळजीने त्याला जेवण गोड लागेना. गिरणीवाल्याला साधा खोकला झाला तरी हा चौकशी करायचा. लोकांना त्याचंही कौतुक.

अखेर म्हाताऱ्याचे गुडघे गेले. जिना चढवेना, तेव्हा अंगणाला लागून खालीच एक खोली बांधायचं त्याने ठरवलं.

ओळंब्याने ती खोली जीव ओतून बांधली. कोपरे गुण्याला बरोब्बर काटकोनात, एकेक थर दोरीला लावून. आणि पलंगाच्या उशाला यायची त्या भिंतीत, उशीच्या उंचीला, तो काळा दगड बसवला. या एका दगडाची खूण त्याने खोलीच्या बाजूला ठेवली. गिलावा करायच्या आदल्या दिवशी, दुपारी, गिरणीवाला काठी टेकत खोली बघायला आला आणि खुर्चीवर बसला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, पण नजर अजून पारव्यासारखी भिरभिरणारी.

"मालक," ओळंबा म्हणाला, "हा दगड ओळखता का?"

म्हाताऱ्याने मान पुढे काढली. "जातं. आमची खूण. कुठून आणलास?"

"टेकडीवरून. बेचाळीस वर्षांपूर्वी तुम्ही तिथं टाकला होता. माझ्या आईवर."

हे वाक्य त्याने हजारदा मनात म्हटलं होतं. ते ऐकून म्हाताऱ्याची बोबडी वळते, पाचावर धारण बसते, हेही हजारदा पाहिलं होतं. गिरणीवाल्याने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला.

"तू त्या हाडवालीचा पोरगा? अरे वेड्या, आणि हे काय, मला चेटकिणीची भीती घालतोस? त्या ढिगाखाली कसली आलीये चेटकीण! मी कधीच मानलं नाही. तुझी आईही चेटकीण नव्हती, ते मला तेव्हाही माहीत होतं. चार माणसांत मला बोलली बाई. मी काय करायला हवं होतं? गिरणीत एकदा म्हणालो, हिच्या हातात काहीतरी आहे. एकदाच म्हणालो. तेही हळू. पुढचं सगळं लोकांनी केलं."

नव्वद घरांतल्या नव्वद मूर्खांसाठी ओळंब्याने सापळा लावला होता, आणि खरा चोर त्यात पाय घालून उभा राहून हसत होता. जो मानतच नाही त्याला कशाने घाबरवणार? अठ्ठावीस वर्षं पाण्यात.

"बाकीच्यांच्या घरांतही घातलेस की काय?" म्हाताऱ्याने डोळे पुसत विचारलं.

"सगळ्यांच्या."

"मग सांग जा त्यांना! तुलाच नेतील वर."

"मला कसे नेतील? कुठल्या भिंतीत कुठं आहे, ते मी मेल्यावर कोण सांगणार?" असं तो म्हणाला आणि म्हणता म्हणता त्याची नजर काळ्या दगडावर गेली. मग त्याने खाली वाकून छिन्नी-हातोडी उचलली आणि काळ्या दगडाभोवतीचा चुना-रेतीचा माल फोडायला लागला.

"आता हे काय?"

"काढतोय. तुमच्या घरात नको. तुम्ही मानत नाही ना."

गिरणीवाला आणखी थोडं हसला. पण तो हुशार माणूस होता, गावाला त्याच्याइतकं कुणी ओळखत नव्हतं, आणि दगड अर्धा सुटला तेव्हा त्याचं हसणं थांबलं. "लोकांना काय सांगणार तू?"

"खरं तेच. सगळ्यांच्या घरात तिचा दगड आहे. एक घर सोडून."

काठी खाली पडली. चेटकीण ज्याच्या घराला हात लावत नाही, तो तिचाच माणूस. गाव एवढाच हिशेब करणार होतं, आणि ते आता म्हाताऱ्यालाही कळलं. "ठेव," तो म्हणाला. "अरे ऐक माझं. राहू दे तो तिथं. मी म्हातारा माणूस. राहू दे रे भिंतीत. पाया पडतो तुझ्या." खुर्चीतून उठायला गेला तर गुडघ्यांनी दगा दिला, आणि खरंच तो ओळंब्याच्या पायाशी आला.

ओळंब्याने दगड काढला. भोकात दोन विटा घातल्या, विटांमधल्या फटी मालाने भरल्या, हात धुतले. भिंतीला भोक ठेवून जाणं त्याच्या रक्तात नव्हतं. मग दगड गोणीत घालून तो न्हाव्याच्या दुकानात गेला. दुकान भरलेलं होतं. त्याने सांगितलं. एकदाच. तेही हळू.

संध्याकाळपर्यंत गावात जिकडेतिकडे ठोकाठोक सुरू झाली. शिंप्याने घाईघाईत धुराडंच पाडलं. न्हाव्याने न्हाणीची भिंत फोडली, दगडावरची कात्री बघितली, आणि तसाच ओल्या अंगाच्या बायकोला घेऊन रस्त्यावर येऊन बसला. लोक ओळंब्याच्या दारात येऊन हातापाया पडत होते, "कुठल्या भिंतीत आहे रे? सांग ना!" ओळंबा पायरीवर बसून म्हणायचा, "आठवत नाही बुवा." बायको दाराआडून बघत होती आणि पदरात हसत होती. त्या दिवशी तो दोन वेळचं एकदम जेवला. खोटं कशाला सांगा, त्याला फार बरं वाटत होतं.

सकाळी बायको नळावरून घागर अर्धी ठेवूनच धावत आली. "अहो, उठा. गिरणीवाल्याच्या दारात सगळं गाव जमलंय."

"जमू दे."

"अहो, पण त्याला नाही. त्याच्या म्हातारीला बाहेर काढा म्हणतायत."

ओळंबा ताडकन उठून उभा राहिला. या गावाने कधी पुरुषाला चेटक्या म्हटलं होतं का? मेंढपाळांच्या ढिगातसुद्धा यांना बाईच दिसली होती. अठ्ठावीस वर्षं भिंत सरळ आहे की नाही हे बघणाऱ्या माणसाला हे साधं दिसलं नव्हतं, कारण तो एकट्या गिरणीवाल्याकडे बघत होता. आणि बायको पुढे म्हणाली, "तो म्हाताराच खिडकीतून म्हणाला. माझ्या घरात दगड का नाही ते मला काय विचारता, घरात बाई कोण आहे ते बघा, म्हणाला."

त्याने गोणी उचलली, थापी आणि घमेलं घेतलं आणि तो धावत सुटला. पन्नाशीचा माणूस गल्लीतून असा धावताना कुणी पाहिला नव्हता.

अंगणात म्हातारी एकटी उभी होती. सत्तरीची, वाळकी काडी. भोवती गाव. आणि प्रत्येकाच्या हातात दगड होता. आपापल्या भिंती फोडून काढलेले, कात्रीचे, सुईचे, करवतीचे दगड. ओळंब्याने घराघरांत नेऊन दिलेलेच.

"बाजूला व्हा," तो ओरडला. त्याला ओरडताना ऐकून लोक खरंच बाजूला झाले. "काम अर्धं राहिलंय माझं."

नव्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीत, दाराशेजारी, छातीच्या उंचीला त्याने चार विटा फोडून काढल्या. माल कालवला. काळा दगड बसवला, खूण बाहेर. हातातोंडाशी आलेला सूड त्याने आपल्या हाताने त्या भिंतीत चिणला, आणि एकेक थापी मारताना त्याचा जीव तुटत होता.

"बघा," तो वळून म्हणाला. "गोल आणि ठिपका. यांच्याही घरात आहे. आता गावात एक घर सुटलं नाही. चेटकीण हवी असेल त्यानं आपापल्या घरी जाऊन शोधावी."

लोकांचे हात हळूहळू खाली आले. तेवढ्यात दारात काठीचा आवाज झाला आणि गिरणीवाला बाहेर आला, सुटल्यासारखा हसत. "मी म्हणत नव्हतो? आमच्याकडे असणारच. जा आता सगळे, जा."

म्हातारीने उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर सारली.

"हा हात तीनदा मोडला," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण अंगणातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचला. "जिन्यावरून पडून नाही. न्हाणीत घसरून नाही. ह्यांनी पिरगळला. त्या बाईनं तेवढंच बोलून दाखवलं गिरणीवर, म्हणून तुम्ही तिला मारलंत. कसली चेटकीण नि कसलं काय! आणि आत्ता खिडकीतून माझ्यावर तुम्हाला कुणी सोडलं, ते तुम्हीच ऐकलंत."

"भ्रमिष्ट झालीये म्हातारी," गिरणीवाला म्हणाला आणि हसला. दुसरं कुणी हसलं नाही. ज्यांच्या हातांत दगड होते ते सगळे त्याच्याकडे बघायला लागले आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. हा चेहरा ओळंब्याने बेचाळीस वर्षं मनात रंगवला होता. प्रत्यक्षात तो त्याहूनही पांढरा होता, आणि ओळंब्याने तो डोळे भरून पाहून घेतला.

म्हातारी त्याच्याकडे वळली. "तू तिचा मुलगा ना? मग तुलाही एक सांगायचंय. त्या दिवशी दुसरा दगड माझा होता."

ओळंब्याला आधी ते समजलंच नाही.

"ह्यांनी मला पुढं ढकललं. पण नेम मी धरला. ह्याच हातानं, तिनं जोडून दिलेल्या. ती जगली तर हे मला जिवंत ठेवणार नाहीत असं वाटलं मला. म्हणून जोरात मारला."

भिंतीतल्या दगडाभोवतीचा माल ओला होता, बोटं घातली असती तर अजून निघाला असता, आणि एक क्षण ओळंब्याला तो दगड उपटून घ्यावासा वाटला. इतका संताप त्याला गिरणीवाल्याचाही कधी आला नव्हता.

"मी तुम्हाला माफ करणार नाही, काकू."

"करू नकोस," म्हातारी म्हणाली. "मी ह्याला करणार नाहीये."

मग तिने खाली वाकून घमेलं उचललं आणि दगडाभोवतीच्या फटी भरायला उरलेला माल त्याच्या हाताशी आणून ठेवला.